सायाळे हे आडनाव

सप्त्याची पत्रिका छापायला देण्याआधी ती मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवायची, ही आमच्या गावची रीत. कोणाचं नाव राहिलं, कोण्या महाराजांचं गाव चुकलं, तर तिथेच कळतं, मागून रुसवेफुगवे नकोत. वाचायचं काम माझ्याकडे. एरंडोल तालुक्यात मी तीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळे नावं वाचावीत तर नानानेच, असं लोकांनी ठरवून टाकलंय.

पहिल्या दिवशी जामनेरचे महाराज, दुसऱ्या दिवशी पारोळ्याचे, असं करत मी सहाव्या दिवसावर आलो. "कीर्तनसेवा, ह.भ.प. ज्योतीताई रुपचंद सायाळे."

समोर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पाटी होती. आमच्या सप्ता कमिटीचे अध्यक्ष चुडामणभाऊ शेंग फोडता फोडता म्हणाले, "ती पाटी इकडे सरकाडा रे भो. सायाळनं नाव निंघनं."

सगळा पार हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. सायाळ म्हणजे अंगभर काट्यांचं ते जनावर, जे शेतात शिरून शेंगा आणि रताळी उकरून खातं. रुपचंदच्या कोण्या पणज्याने लोकांच्या शेतातल्या शेंगा उपटल्या, एकदा सापडला, आणि घराला हे नाव चिकटलं, असं गावात सांगतात. कोणाच्या शेतात चार वेल उपटलेले दिसले की आजही लोक म्हणतात, रुपचंदले इचारा. त्याला राग आलेला मी कधी पाहिला नाही. सप्त्यात तो मंडप झाडतो, पाणी भरतो, प्रसादाची पातेली घासतो, आणि कीर्तन शेवटच्या खांबाला टेकून ऐकतो.

त्या दिवशीही तो खांबापाशीच होता. हसणं थांबल्यावर म्हणाला, "नाना, आडनाव छापू नका. नुसतं ज्योतीताई लिखा. तितलं पुरे शे."

बायकांच्या बाजूला त्याची ज्योती उभी होती. आळंदीला चार वर्षं राहून, माधुकरी मागून शिकून आलेली पोर. तिचं बाहेरगावी कीर्तन मी दोनदा ऐकलं होतं. आवाज असा, की पहिल्या आलापातच माणूस मांडी बदलायचं विसरतो. आपल्या गावात ती पहिल्यांदा उभी राहणार होती, आणि तिचा बापच म्हणत होता की नाव नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपचंद माझ्या ओट्यावर आला. हातात छापील कागद.

"नाना, तुम्हनं अक्षर चांगलं शे. एवढा फारम भरी द्या."

"कसाना फारम?"

"आडनाव बदलाना. सेतूवाला म्हने, राजपत्रमा छापी येस."

"बरं. नवं आडनाव काय लिखू?"

"काहीबी लिखा. फक्त जनावर नको."

मी चष्मा सापडत नाही असं म्हणून कागद खिशात ठेवला. तो गेला, आणि पाच मिनिटांत ज्योती आली. बाप कोणत्या वाटेने आला हे ती बघत उभी असावी.

"नाना, भरला का तो?"

"नाही अजून."

"मग सोमवारपर्यंत भरू नका. पत्रिका सोमवारीच जाणार ना जळगावला?"

"सोमवारी सकाळी प्रेसवर द्यायची आहे."

"मधे चार दिवस आहेत. हे नाव आलं कुठून, ते मला शोधू द्या. खरंच घरात चोर निघाला, तर मी स्वतः या कागदावर आबांची सही घेते. काहीच कळलं नाही, तरी आबा म्हणतील तसं. पण काही न बघता नाव टाकून द्यायचं आणि वर कीर्तनात उभं राहून लोकांना सांगायचं, की देवापुढे खरं बोला, हे मला जमणार नाही."

मी म्हटलं, "एकटी कुठे फिरशील, मीही येतो." घरचे म्हणाले, या वयात कशाला. पण कीर्तनाच्या नावाने मला कोणी कुठेही न्यावं.

सुरुवात गावच्या शाळेपासून केली. मुख्याध्यापकांनी सगळ्यात जुनं रजिस्टर फडक्यात गुंडाळलेलं काढलं. रुपचंदचा आजा तुळशीराम एकोणीसशे तेरा साली शाळेत दाखल झाला होता. नाव लिहिलं होतं, तुळशीराम सायाळे. बापाच्या रकान्यात 'मयत'. पालक म्हणून 'आई तानी'.

ज्योतीने ओळीवर बोट ठेवलं. "नाना, ज्या पणज्याने शेंगा चोरल्या म्हणतात, तो तर पोरगा शाळेत जायच्या आधीच गेलेला."

"गेला असंल आणि आधी चोरल्या असतील," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी रजिस्टर परत फडक्यात गुंडाळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी एरंडोलची तहसील कचेरी. पूर्वी प्रत्येक गावच्या कोतवालाकडे जन्म-मृत्यूची वही असायची, ती आता तिथे ठेवली आहे. सध्या जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची तिथे नुसती झुंबड असते. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कुणबी नोंद?"

"नाही," ज्योती म्हणाली, "सायाळ."

तेव्हा त्याने मान वर केली. भला माणूस होता. आमच्या गावची वही काढून दिली, एकोणीसशे एकतीसच्या पानावर 'तानी'सारखं काही दिसतंय म्हणाला, आणि नक्कल दिली. पण सगळं मोडीत. मला तर ती अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे वाटले.

मोडी वाचणाऱ्या लताबाई सोनगीरला राहतात, असं त्यानेच सांगितलं. शनिवारी सकाळच्या एसटीने धुळे, तिथून दुसऱ्या गाडीने सोनगीर. किल्ल्याच्या पायथ्याच्या गल्लीत तांब्या-पितळेची भांडी ठोकायचा आवाज चालू होता. लताबाई निवृत्त शिक्षिका. आम्हाला पाणी दिलं, भिंग घेतलं, आणि कागद उजेडात धरून एकेक शब्द उच्चारू लागल्या.

"मयत तानी... सायाळवाली. वय सुमारे पंचावन्न. कारण ताप." मग थांबल्या. परत वाचलं. "शेऱ्यात कोतवालाने एक ओळ लिहिलीय. 'मौतीस पाच गावच्या बाया.'"

"बायका?" मी विचारलं. "मसणात बायका कुठे जातात?"

"ते मला माहीत नाही. त्याने लिहिलंय ते मी वाचलं. त्यालाही नवल वाटलं असणार, नाहीतर शेरा कशाला लिहील?"

धुळ्याच्या स्टँडवर मी चहा घेतला, ज्योतीने घेतला नाही. गाडी लागली, खिडकीशी बसली, आणि पारोळा आल्यावर म्हणाली, "नाना, सायाळवाली ही बाई होती. नाव तिचं होतं, नवऱ्याचं नाही. आणि चोराच्या बायकोच्या मौतीला पाच गावच्या बायका रीत मोडून येत नाहीत."

"पण सायाळवाली म्हणजे काय? सायाळ पाळायची की काय?"

"तेच विचारायचंय. पण कोणाला?"

शंभर वर्षांपूर्वीच्या बाईची खबर कोणाजवळ असेल? मी टपाल वाटायचो तेव्हा प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंतच जायचो. उंबऱ्याच्या आत, थेट माजघरात, पाच गावच्या बायकांच्या हाताला हात लावून बसणारं माणूस एकच. बांगडीवाली. एरंडोलच्या हसीनाबींच्या सासरी पाच पिढ्या तोच धंदा. त्यांच्या बहिणीची मालेगावहून येणारी पत्रं मीच नेऊन द्यायचो.

रविवारी सकाळी आम्ही दुकानावर गेलो. गल्ल्यावर त्यांची नात अलफिया होती. "दादी मागे खाटेवर आहेत, जा ना, बोलायला माणूसच लागतं त्यांना," ती म्हणाली.

हसीनाबी पंचाऐंशीच्या पुढे. मला ओळखलं. "डाकिया भाऊ, आता कोन खत लिखता है, जो तुम आए?"

मी म्हटलं, "खत नाही. एक नाव विचारायचं आहे. तानी सायाळवाली."

त्या हसायलाच लागल्या. "मैं उतनी बुढ्ढी दिखती क्या? मैंने उसको कहाँ देखा. मेरी दादीसास बोलती थी उसका." मग ज्योतीकडे वळल्या. "तू कोन?"

"मी तिच्या नातवाची नात."

हसीनाबींनी तिचा हात ओढून घेतला, आणि बांगडी भरायची असल्यासारखा दाबत दाबत बोलत राहिल्या. त्यांचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं आमचं.

"सातवा महिना लगा, के घरवाले दो औरतों को बुलाते. एक हमारे घर की, हरी चुडियाँ लेके. दुसरी तुम्हारी तानी, सायाल का काटा लेके."

"काटा कशाला, आजी?"

"भांग पाडने को. उस दिन फणी नही चलती थी. तीन सफेद पट्टे का काटा होना, और नाक के सामने से सीधा पीछे. हमारी दादीसास चुडी भरती, तानी भांग पाडती. फिर दिन भर गए, तो वही तानी आती बच्चा निकालने. पाँच गाँव में दुसरी दाई नही थी."

"पण सायाळीचाच काटा का?"

"वो तो सुन." म्हातारीने आवाज खाली आणला. "सायाल का बच्चा काटे लेके पैदा होता. लेकिन उस टैम काटे नरम रहते, रुई के माफिक. माँ को खरोंच नही आती. बाहर की हवा लगी, तब सख्त होते. तानी भांग पाडते पाडते हर बाई के कान में ये बोलती. बोलती, उसका ऐसा होता है, तेरा भी होगा, डर मत. पहिलटकरीन रहती, सोला साल की लडकी, क्या डरती होगी बेचारी."

ज्योतीने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

"आणि काटे कुठून आणायची?" तिने विचारलं. "मारायची सायाळ?"

"तोबा. पेटवाली की चीज, और मार के लाएगी? गिरे हुए लाती. पद्मालय के जंगल बाजू से सायाल आती थी, मुंगफली खाने. जिस खेत में खाया, वहाँ दो-चार काटे गिरते. तानी सुबह तडके जाती, कोई पाँव दे उसके पहले. लोगों के खेत में झुकी हुई दिखती. मर्दों ने देखा, तो जो समझना था वो समझे. औरतों को मालूम था."

मी विचारलं, "मग आडनाव?"

"उसका मरद जल्दी गया. बच्चों को सब बोलते, सायाळवालीना पोरे. मास्तर ने लिख दिया होगा कुछ." मग त्यांना एकदम काही आठवलं. "तुम्हारे गाँव में एक पायाळू था ना? जीवराम? उसकी माँ दो दिन अटकी थी. तानी ने हाथ से पाँव पकड के निकाला उसको. दादीसास वहीच बैठी थी. ये किस्सा वो हर ईद को सुनाती."

मी खाटेचा खूर धरला. जो जन्मताना पायाकडून येतो तो पायाळू. त्याची लाथ बसली की उसण भरलेली पाठ मोकळी होते, असं आमच्याकडे मानतात. जीवरामबाबांची लाथ लहानपणी मीही खाल्ली आहे. आणि जीवरामबाबा म्हणजे चुडामणभाऊंचे सख्खे आजे.

बाहेर आल्यावर ज्योती म्हणाली, "लोक मानतील का हो नाना? एका म्हातारीने दुसरीचं ऐकलेलं."

आतून हसीनाबींचा कान तेज. "अपने गाँव की बुढ्ढियों को पूछ. मर्दों को क्या पूछती?"

त्या संध्याकाळी रुपचंदच्या घरी सगळं सांगितलं. ज्योतीची आई वच्छलाबाई भाकरी थापत ऐकत होती, तिची तव्यावरची भाकरी करपली. रुपचंद मात्र मान खाली घालून बसला. म्हणाला, "चांगली गोट शे, नाना. पन लोके हासतीन. शंभर साल जे ऐकं, ते एक दिनमा जात नई."

"मग छापू का नको?"

त्याने पोरीकडे पाहिलं. "छापा. पन मी त्या दिन मंडपमा बसाव नई. भांडा घासत बाहेर ऐकसू."

सोमवारी मी जळगावला जाऊन पत्रिका देऊन आलो. नाव पूर्ण. प्रूफही दोनदा तपासलं.

सप्त्याच्या सहाव्या दिवशी थंडी फार, म्हणून कीर्तन संध्याकाळी सहालाच लावलं. मी टाळकऱ्यांत, ज्योतीच्या डाव्या हाताला. मंडप भरलेला. काही लोक देवासाठी आले होते, काही मजा बघायला, हे मला उभ्या उभ्या दिसत होतं. मृदंगाने ठेका धरला, तिने अभंगाचं पहिलं चरण लावलं, आणि पाच मिनिटांत मजा बघायला आलेलेही टाळी वाजवू लागले. विषय होता देव आईसारखा का म्हणायचा. चाल चढत गेली, उतरली, परत चढली. माझ्या आयुष्यात मी शेकड्याने कीर्तनं ऐकली, पण आपल्या गल्लीतल्या पोरीच्या तोंडून ऐकताना टाळ जरा जास्तच जोरात वाजतो.

मग तिने हात वर केला. टाळ थांबले.

"आता दृष्टांत," ती म्हणाली. "आमच्या घराचं नाव निघालं की या गावात शेंगांची पाटी सरकवतात."

हशा झाला. चुडामणभाऊ पुढच्या रांगेत, तेही हसले.

"हसा. मीही हसत होते. आता ऐका." आणि तिने सांगितलं. शाळेच्या रजिस्टरात बापाच्या रकान्यात काय आहे ते, कोतवालाचा शेरा, हसीनाबींची दादीसास, भांग, काटा. सायाळीच्या पिल्लाचे मऊ काटे सांगताना तिचा आवाज इतका खाली आला की मागच्या बायका गुडघ्यांवर उठून बसल्या. "ज्याने पिल्लाला काटे दिले, त्यानेच ते जन्माच्या वेळी मऊ ठेवले. आईला ओरखडा उठू नये म्हणून. देवाची दया कशी असते, ते माझी खापरपणजी तानुबाई पाच गावच्या लेकीबाळींच्या कानात सांगत फिरली. कीर्तन तिने आधी केलं, मी नंतर."

मग ती म्हणाली, "हे मी एरंडोलला ऐकलं. माझ्या गावात कोणाला ठाऊक असेल, तर त्यांनी सांगावं. नसेल तर मी इथेच थांबते."

माझ्या हातातला टाळ घामाने निसटायला लागला. इतकी मोठी सभा, कोणी बोललं नाही तर काय? थांबणं फार वेळ नसेल झालं, पण मला ते एकादशीच्या उपासाएवढं लांबलं.

बायकांच्या बाजूला सुमनबाई उठल्या. नव्वदीची बाई, दोघींनी दंड धरून उभी केली.

"खरं शे," त्या म्हणाल्या. "मन्ही सासूना भांगमा तानुबाईना काटा फिरेल व्हता. मन्हा मालक तिनाच हातवर जन्मनात. ती मरनी तवय बठ्ठ्या बाया मसनमा गयात. मन्ही सासू गयी व्हती."

पुरुषांतून कोणी म्हणालं, "मंग आक्का, इतला दिन का नई सांगं?"

"तुम्हीन इचारं कवय?"

त्यावर बायकांत असा हशा उठला की मंडपाचं कापड हललं. मग तिकडून दुसरी उठली, तिची आजेसासू. तिसरी, तिच्या आईची आई. नावं येऊ लागली. मी तीस वर्षं ज्या घरांची नावं पाकिटांवर वाचली, ती एकेक घरं तानुबाईच्या हातातून आलेली निघत होती.

ज्योतीने पुढच्या रांगेकडे वळून हात जोडले. "चुडामणआबा, तुमचे आजे पायाळू होते ना?"

"व्हतात," चुडामणभाऊ म्हणाले. "बठ्ठा गावले लाथा मारेल शेतस त्यास्नी."

"दोन दिवस अडले होते ते. त्यांचा पाय धरून बाहेर काढणारी तानुबाई."

चुडामणभाऊंनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मग उठले. मला वाटलं, निघाले. ते तसेच उभे राहून सभेकडे तोंड करून म्हणाले, "मी पाटी सरकाडी व्हती. बठ्ठास्नी देखी शे. तिना हात नई राहता, तं मन्हा आजाच नई, मी कोठला?" आणि ज्या माणसाने अध्यक्ष असूनही कधी गजर दिला नव्हता, त्याने हात वर करून आरोळी दिली, "तानुबाई सायाळवालीना..." पुढचा जयजयकार इतका मोठा झाला की मृदंगवाल्याला ठेका धरावाच लागला. टाळ, टाळ्या, बायका उभ्या, पोरं उभी. मी नाचलो. गुडघ्याचं नंतर बघू म्हटलं.

रुपचंद मंडपाच्या तोंडाशी येऊन उभा होता. हाताला राख. विणेकऱ्याने पुढे होऊन गळ्यातली वीणा काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"हात ओला शेतस मन्हा," रुपचंद म्हणाला.

"पुसी ले."

त्याने धोतराला हात पुसले. वीणा गळ्यात घातली, आणि पोरीच्या मागे जाऊन उभा राहिला. उरलेलं कीर्तन त्याने तसंच ऐकलं. वीणा छेडायचंसुद्धा विसरला, कोणी आठवण केली नाही.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. "नाना, तो फारम?"

"खिशामा शे."

"चुल्हामा घाला." आणि लगेच, "चाला मन्हा घर. चुडामणभाऊ ई राहिनात, बठ्ठं कुटुंब लई. मले काय सुधरत नई."

चुडामणभाऊंची नातसून सातव्या महिन्यात होती. हिरवं लुगडं नेसवून, ओटीचं सामान घेऊन बायका तिला रुपचंदच्या घरी घेऊन आल्या. वच्छलाबाई गडबडून गेली. "बाई, मले काय येस? मी कधी करं नई. आनि काटा कोठे शे मन्हा जोडे?"

सुमनबाईंना खुर्चीवरून उचलून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "फणी ले. तोंडनं बोलनं तं तुले आते ठाऊक शे ना?"

आम्हा पुरुषांना ओट्यावर काढलं. दार लोटलं. आत ज्योती बारीक आवाजात काही गात होती, बांगड्या वाजत होत्या. थोड्या वेळाने बांगड्या थांबल्या, गाणं थांबलं. वच्छलाबाई त्या पोरीच्या कानाशी वाकली असणार.

चुडामणभाऊ फार वेळ गप्प बसणारे नव्हेत. दोनदा दाराकडे गेले, दोनदा परत आले. "काय रे रुपचंद, व्हयनं का नई? मन्ही जळगावनी एसटी चुकी जाई."

रुपचंद खांबाला टेकून न बसता, ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसला होता. म्हणाला, "बसा, चुडामणभाऊ. सायाळेस्ना घरमा घाई चालत नई."

चुडामणभाऊ मुकाट्याने खाली बसले.